बक्षीस दिलं की मुलं वाचतात का?

मागच्या पोस्टपासून बराच काळ गेला, थिसिसच्या प्रकरणाने डोकं वर काढू दिलं नाही. पण त्याच प्रकरणातला एक भाग असा आहे, जो शाळेच्या लायब्ररीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या निमित्ताने अनेक हायस्कुलांत एक स्पर्धा असते: महिन्याभरात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस. हेतू चांगलाच आहे. प्रश्न एवढाच, की बक्षीस वाटून झाल्यावर त्या मुलांचं वाचन पुढे चालू राहतं का?

यासाठी जरा मागे जाऊ. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्केचपेनने चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडतं, अशी मुलं त्यांनी निवडली आणि तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्रक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले. आता बक्षीस कुणालाच नव्हतं. पहिल्या गटातल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ दिला!

असं का व्हावं? एक स्पष्टीकरण असं, की आपण एखादी गोष्ट का करतो याचं कारण आपणही आपल्या वागण्यावरूनच ठरवत असतो. ‘मला आवडतं म्हणून’ हे कारण पुरेसं असताना वरून बक्षीस आलं, की ‘बक्षिसासाठी’ हे कारण पुढे सरकतं. बक्षीस संपलं की कारणही संपलं.

आता तुम्ही म्हणाल, बालवाडी कुठे आणि नववी कुठे! रास्त आहे. म्हणून १९९९ सालचा एक मोठा आढावा बघू. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आतली ओढ कमी होते, असंच चित्र निघालं, आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान मुलांवर हा परिणाम जास्त होता. तोंडी कौतुकाचं मात्र तसं नुकसान दिसलं नाही.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नका. कॅनडाच्या जूडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पियर्स यांनी १९९४ मध्येच अशा प्रयोगांचा आढावा घेऊन म्हटलं होतं, की हे नुकसान ठरावीक परिस्थितीतच होतं. शिवाय ज्याला वाचायची आवडच नाही, त्याची आवड कमी होणार तरी कुठून? मुद्दा पटण्यासारखा आहे. पण आपल्या स्पर्धेत भाग कोण घेतं ते आठवा. जी आधीपासून वाचतात, तीच मुलं! जो कधी लायब्ररीत फिरकत नाही, त्याला माहीत असतं की पहिला नंबर आपला नाही. म्हणजे ज्यांना धक्का बसू शकतो त्यांनाच आपण बक्षीस दाखवतो, आणि ज्यांना ओढून आणायचं ती बाहेरच राहतात. त्यात मोजायची पुस्तकांची संख्या, त्यामुळे जाडजूड कादंबरीपेक्षा तीन पातळ पुस्तिका फायद्याच्या ठरतात.

मग काय करायचं? बक्षीस द्यायचंच असेल तर पुस्तक द्या. २००८ मध्ये बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी तिसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, बक्षीस म्हणून पुस्तक मिळालेली आणि काहीच न मिळालेली मुलं पुढेही वाचनाकडे वळली. किरकोळ वस्तू मिळालेली तितकी नाही. मुलं तिसरीची होती हे खरं, पण ट्रॉफीचा खर्च पुस्तकांवर वळवण्यात तोटा तर काही नाही. ती पुस्तकं मुलांनाच निवडू द्या.

दुसरं म्हणजे कुलूपबंद कपाट उघडा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे: पुस्तकं वापरासाठी असतात. आठवड्यातला एक तास मुलांना स्वतः पुस्तकं हाताळू द्या, नाही आवडलं तर मध्येच सोडू द्या. आणि पुस्तक परत घेताना सारांश मागण्याऐवजी ‘कसं वाटलं रे?’ एवढंच विचारा. वर सांगितलेलं तोंडी कौतुक इथे आपसूक होतं, आणि त्याला बजेट लागत नाही.

शेवटी, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. साधन तुमच्याच टेबलावर आहे: देवघेव नोंदवही. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत किती वेगवेगळ्या मुलांनी पुस्तकं नेली ते मोजा. पुस्तकं मोजू नका, नावं मोजा. ऑक्टोबरचा आकडा फुगलेला असणारच. उपक्रम जमला की नाही, हे डिसेंबर सांगेल.