दोन संगणक, एक केबल
घरी नवा संगणक आला की जुन्यातील मुलांच्या टिपणांचे आणि छायाचित्रांचे काय, असा प्रश्न पालक व माजी विद्यार्थी नेहमी विचारतात. त्यासाठी इंटरनेट अथवा स्विच आवश्यक नाही. एक नेटवर्क केबल पुरेशी होते.

या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या जुन्या जोडणीत चारच उपयोगात येतात : १ व २ क्रमांकाच्या तारा बोलण्यासाठी, ३ व ६ ऐकण्यासाठी. सरळ केबल लावल्यास दोन्ही संगणक एकाच जोडीवर बोलू लागतात; ऐकणारा कोणीच उरत नाही. म्हणून एका टोकाशी या जोड्यांची अदलाबदल केलेली ‘क्रॉसओव्हर’ केबल लागत असे. गिगाबिट जोडणीचे संगणक बहुधा ही अदलाबदल स्वतःच करतात. त्यांना साधी केबल चालते.

त्यानंतर एका संगणकास १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्यास १९२.१६८.५०.२ हा पत्ता द्यावा. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० असावा. हवा तेवढाच फोल्डर शेअर करावा व त्यास पासवर्ड ठेवावा.

साहित्य उतरवून घेतल्यावर जुना संगणक भंगारात देऊ नये. धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला तो अजूनही उपयोगी पडेल.