विश्लेषण : जपानचा ‘टाकाऊ’ सिनेमा संग्राहकांना मोलाचा का वाटतो?

कमी पैशांत, घाईघाईने काढलेल्या आणि हिंसा-नग्नतेवर गल्ला जमवणाऱ्या जपानी चित्रपटांना एकेकाळी प्रतिष्ठित समीक्षक नाके मुरडत. आज त्यांच्या ब्लू-रे आणि जुन्या पोस्टरसाठी जगभरचे संग्राहक धडपडतात. असे का?

हा सिनेमा आला कुठून?

१९५८ मध्ये जपानी चित्रपटगृहांत ११२ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. घरोघरी टीव्ही पोहोचला आणि १९७२ पर्यंत हा आकडा १९ कोटींखाली घसरला. मग टीव्हीवर दिसणार नाही ते पडद्यावर दाखवण्याचा मार्ग स्टुडिओंनी धरला. निक्कात्सु या जुन्या कंपनीने १९७१ मध्ये ‘रोमन पोर्नो’ चित्रपट सुरू केले. ते १९८८ पर्यंत चालले. तोएईने सूड घेणाऱ्या तरुणींचे मारधाडपट काढले.

त्यात पाहण्यासारखे काय?

ठरावीक अंतराने प्रणयदृश्ये हवीत, बाकी दिग्दर्शकाला मोकळीक, असा निक्कात्सुचा खाक्या होता. तोएईसाठी शुन्या इतो यांनी केलेल्या ‘फीमेल प्रिझनर ७०१ : स्कॉर्पियन’मध्ये (१९७२) मेइको काजी फारशी बोलतच नाही, तिची नजर बोलते. तिची दोन गाणी क्वेंटिन टॅरँटिनो यांनी ‘किल बिल’मध्ये वापरली. ‘डिपार्चर्स’साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे योजिरो ताकिताही अशाच ‘पिंक’ चित्रपटांतून पुढे आले.

संग्राहकांना ओढ कशाची?

मुख्यतः दुर्मीळतेची. पहिला ‘पिंक’ चित्रपट मानल्या जाणाऱ्या ‘फ्लेश मार्केट’चे (१९६२) आज काही तुकडेच उरले आहेत. तेरुओ इशी यांचा ‘हॉरर्स ऑफ मॅलफॉर्म्ड मेन’ (१९६९) शारीरिक व्यंगाच्या चित्रणामुळे वादग्रस्त ठरला. त्याची डीव्हीडी अमेरिकेत २००७ मध्ये आली. खुद्द जपानमध्ये तो घरी पाहण्यासाठी २०१७ मध्ये मिळू लागला. संग्राहकांची मागणी असल्यानेच छोट्या कंपन्यांना असे चित्रपट नव्याने काढणे परवडते.

आक्षेप काय?

अनेक चित्रपटांत बलात्कार हा करमणुकीचा मसाला आहे. नायिका सूड घेते हे खरे. पण तिचा छळही कॅमेरा चवीने दाखवतो. ‘कल्ट’चा शिक्का बसला म्हणून हा दोष पुसला जात नाही. तरीही प्रतीच नष्ट झाल्या, तर त्या काळाने काय विकले आणि कोणी ते विकत घेतले, याचा पुरावाही जाईल. चांगल्या आवृत्त्यांत चित्रपटासोबत अभ्यासकांचे लेख आणि मुलाखती असतात. नव्या प्रेक्षकाने सुरुवात तिथून करावी.