परदेशी मोटारसायकलची स्वस्त खरेदी : एक महागडा मोह

डोंगरवाटा आणि खडकाळ पायवाटा यांवरून धावणाऱ्या परदेशी मोटारसायकलींचे आकर्षण तरुण वर्गात मोठे आहे. अधिकृत विक्रेत्याकडील किंमत आवाक्याबाहेरची वाटली की काही जण अनधिकृत मार्गाने देशात आलेल्या वाहनाकडे वळतात. अशा व्यवहारातील धोके खरेदीपूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

किंमत कमी का असते?

पूर्णतः जोडलेल्या, १६०० सीसीपर्यंतच्या आयात मोटारसायकलींवरील सीमाशुल्क २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणले गेले. त्याखेरीज एकात्मिक वस्तू व सेवा करही भरावा लागतो. हा भार चुकविण्यासाठी वाहन सुटे करून ‘सुटे भाग’ म्हणून आणले जाते, किंवा परदेशी पर्यटकाने तात्पुरत्या परवानगीवर आणलेले वाहन परत न नेता येथेच विकले जाते. म्हणजे ग्राहकाला मिळणारी सवलत ही वस्तुतः बुडविलेल्या कराची रक्कम असते.

नोंदणी व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेला असावा लागतो. निव्वळ स्पर्धेसाठी बनविलेल्या मोटारसायकलींना दिशादर्शक दिवे, आरसे, पुष्कळदा पुढचा दिवादेखील नसतो. त्यामुळे कर भरून रीतसर आणलेली अशी मोटारसायकलही खासगी जागेत वा स्पर्धेच्या मार्गावरच चालविता येते.

कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे. वैध विमा नसताना अपघात घडल्यास नुकसानभरपाईचा संपूर्ण भार मालकाच्या व्यक्तिगत मिळकतीवर येऊ शकतो.

जप्तीची टांगती तलवार

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ अन्वये गैरमार्गाने आणलेला माल सरकारजमा होऊ शकतो. कलम १२५ खाली दंड भरून तो सोडविण्याची मुभा मिळाली, तरी शुल्क वेगळे भरावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात ‘नुमखोर’ या मोहिमेत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून अनेक मोटारी ताब्यात घेतल्या. बनावट कागदपत्रांच्या आधारे त्यांची नोंदणी झाल्याचा आरोप होता. तात्पर्य, हाती नोंदणी प्रमाणपत्र असले, तरी मूळ आयात संशयास्पद असेल तर खरेदीदार निश्चिंत राहू शकत नाही. विक्रेत्यावर दावा लावण्याचा हक्क त्याला असतो. परंतु रोखीने व्यवहार करणारा विक्रेता पुढे सापडेलच असे नाही.

कर्जाचा प्रश्न

वाहनकर्ज देताना बँक नोंदणी प्रमाणपत्रावर आपल्या नजरगहाणाची नोंद करून घेते. नोंदणीच नसेल तर तारण नाही, आणि तारण नसेल तर वाहनकर्जही नाही. अशा वेळी काही जण व्यक्तिगत कर्जाचा मार्ग पत्करतात. समजा, एखाद्याने ३ लाख रुपये द. सा. द. शे. १२ दराने ३ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,९६४ रुपये येतो. सहा हप्ते फेडल्यावर वाहन जप्त झाले, तरी उरलेले ३० हप्ते, म्हणजे जवळजवळ २ लाख ९९ हजार रुपये, भरावेच लागतात. वाहन जाते, कर्ज मात्र राहते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

• सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेले ‘बिल ऑफ एंट्री’ व शुल्क भरल्याची पावती मागावी.
• त्यांवरील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष वाहनावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत.
• नोंदणी झालेली असल्यास परिवहन कार्यालयाकडून तिची खातरजमा करावी. नोंदणी दूरच्या राज्यातील असल्यास अधिक दक्षता घ्यावी.
• रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फतच द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी. ‘कागद नंतर देतो’ या आश्वासनावर विसारही देऊ नये.

हिमालयन, एक्सपल्स यांसारख्या खडतर वाटांसाठीच्या, नोंदणीयोग्य मोटारसायकली आज भारतातच तयार होतात. त्यांवर कर्ज मिळते, विमा उतरविता येतो आणि पुढे विक्रीही निर्वेधपणे होते. वाटेवरील साहस अवश्य करावे; कागदपत्रांच्या बाबतीत मात्र साहस टाळावे.