घडा भरतो पाचव्या मिनिटाला

रात्री 11 ला झोपलात आणि पहाटे 5 ला उठलात, तर झोप किती झाली? सहा तास. पाचातून अकरा गेले की उणे सहा, असं कुणाच्या मनातही येत नाही. काटा बारावरून पुन्हा एकवर येतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय. संगणकाला मात्र ते शिकवावं लागलं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, ‘जिफीज’ नावाचा एक आकडा असतो. टायमरचा ठोका पडला की तो एकाने वाढतो. कुठलं काम किती वेळ थांबवायचं, नेटवर्ककडून उत्तर येण्याची वाट कधी सोडायची, असे कितीतरी हिशेब त्याच्या भरवशावर चालतात. 32 बिटांत हा आकडा 4,29,49,67,295 पर्यंत जातो. पुढच्या ठोक्याला शून्य! सेकंदाला 100 ठोके धरले, तर ही फेरी 497 दिवसांत पुरी होते. त्यामुळे जुन्या लिनक्सवर एवढे दिवस अखंड चाललेला सर्व्हर कौतुकाने दाखवायला जावं, तर तो नुकताच सुरू झाल्याचं सांगायचा. ठोके हजार केले की मुदत येते 49.7 दिवसांवर. विंडोज 95 आणि 98 नेमक्या एवढ्याच दिवसांनी गोठू शकत. अर्थात, तोवर त्या मधेच बंद पडल्या नाहीत तर!

हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नाही. बोइंग 787 विमानाच्या जनरेटर नियंत्रकांतला असाच एक गणक 248 दिवस सलग वीज मिळाली तर भरून वाहतो आणि विमानाची वीज जाऊ शकते, असा इशारा 2015 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकांनी दिला. तातडीचा उपाय काय, तर ठरावीक दिवसांनी वीज बंद करून पुन्हा चालू करा.

लिनक्सवाल्यांनी गणकाला भरू दिलं आणि बदलली ती तुलना. समजा, गणक आत्ता 4,29,49,67,290 वर आहे आणि एखाद्या कामाची मुदत पलीकडच्या फेरीत, 5 वर. ‘कोण मोठा?’ एवढंच विचारलं तर मुदत केव्हाच टळून गेली असं उत्तर मिळेल. वजाबाकी करून बघा. 5 वजा तो अगडबंब आकडा 32 बिटांत मावत नाही, हातचा गळून पडतो आणि उरतात 11. अजून 11 ठोके बाकी, अगदी बरोबर! झोपेच्या हिशेबात आपण हेच केलं होतं. अट एकच: दोन क्षणांमधलं अंतर अर्ध्या फेरीहून कमी हवं.

पण ही वजाबाकी करायला एखादा प्रोग्रामर विसरला, तर? चूक उघडी पडायला 49 दिवस लागणार, आणि एवढा वेळ चाचणी कोण करत बसतो? यावर काढलेली युक्ती मला तर निव्वळ खट्याळ वाटते. गणक शून्यापासून सुरूच करायचा नाही. ‘उणे 300 सेकंद’ इथून करायचा. म्हणजे मशीन सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला घडा भरणार. चूक असलीच तर चहा संपायच्या आत समोर!

आज 64 बिटांचा गणक हजार ठोक्यांनीही भरायला 58 कोटी वर्षं घेईल. तरी ती 300 सेकंदांची ओळ कर्नलमध्ये अजून आहे. घरात जुना 32 बिटांचा लिनक्स संगणक पडून असेल, तर चालू करून पाच मिनिटं त्याच्यासमोर बसा. काहीही होणार नाही.