अर्भकाचा पाणावणारा डोळा : थांबावे कधी, पाठवावे कधी?



पावसाळा सुरू झाला की खडकवासल्याच्या माझ्या दवाखान्यात नेत्ररुग्णांची संख्या वाढते. त्यांत डोळे आलेले बहुसंख्य असतात व त्यांच्याविषयी नव्याने काही लिहावे असे नाही. परंतु त्याच गर्दीत कुंचीत गुंडाळलेले, दीड-दोन महिन्यांचे एखादे बाळ असते. त्याचा एकच डोळा सतत भरलेला दिसतो, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात, मात्र बुबुळाभोवतीचा भाग पांढराशुभ्र असतो. लाली नाही, पापणीला सूज नाही, बाळ हसते-खेळते आहे. "तीन आठवड्यांचा झाल्यापासून गळतोय हो डोळा," असे आजी सांगते आणि पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडते. एक प्रतिजैविकाची, एक गुलाबपाण्याची, एक आपल्याच शास्त्रातील नेत्रबिंदूची. शिवाय काजळाची डबी असतेच.

या विषयावर लिहिण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी पानशेत बाजूच्या एका गावातून आलेल्या मातेला मी घाईघाईने सांगितले, "नाकाच्या बाजूने रोज चोळत जा, आपोआप सुटेल." दीड महिन्याने ती परत आली. डोळा तसाच होता. मी तिला माझ्यासमोर चोळून दाखवायला सांगितले, तेव्हा ती तर्जनीने नाकाचे हाड वरून खाली घासत होती, बरोबर बाळंतपणातली मालीशवाली बाई नाक तरतरीत व्हावे म्हणून करते तसे. अश्रुपिशवीवर बोट एकदाही पडले नव्हते. दोष तिचा मुळीच नव्हता. मी दाखवले नव्हते, केवळ सांगितले होते.

नेमके अडते कोठे?

अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ, पापण्यांच्या कडेवर असलेल्या दोन सूक्ष्म छिद्रांतून आत जातात, तेथून अश्रुपिशवीत व पुढे नलिकेने नाकाच्या पोकळीत खालच्या शुक्तिकेखाली उतरतात. गर्भावस्थेत ही नलिका पोकळ होत होत खाली येते आणि तिचे शेवटचे टोक जन्माच्या सुमारास उघडते. काही बाळांत तेथे एक पातळ पडदा शिल्लक राहतो. निरनिराळ्या पाहण्यांत नवजात बालकांपैकी शेकडा ५ ते २० मध्ये या अडथळ्याची लक्षणे आढळली आहेत. पहिले काही आठवडे अश्रूंची निर्मितीच अल्प असल्याने तक्रार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यापासून सुरू होते. आजीचे "तीन आठवड्यांपासून" म्हणूनच खरे असते.

आमच्या भागातील पालकांना हे समजावणे सोपे जाते. गावात धरण आहे, मुठा उजवा कालवा डोळ्यांसमोर आहे आणि १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नोकरी करणारे शेजारी घराघरांत आहेत. खालचे दार बंद असेल तर कालव्याचे पाणी काठावरून वाहणारच, त्यात पाण्याचा दोष नाही, एवढे म्हटले की बापाच्या चेहऱ्यावरची चिंता उतरते. साचलेल्या पाण्यात घाण धरते, म्हणून चिपडे येतात. थेंब घालून चिपडे चार दिवस कमी होतात, पण दार उघडत नाही. औषध बंद होताच तक्रार परत येते व पालक दुसरा वैद्य शोधतात.

ग्रंथांचा आधार आणि एक सावधगिरी

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या दुसऱ्या अध्यायात संधिगत रोग सांगताना दोष अश्रुमार्गाने संधीत जाऊन कनीनकातून वेदनारहित स्राव उत्पन्न करतात, असे वर्णन केले आहे. मार्गाचे हे ज्ञान पाहून मन थक्क होते. तथापि या आधारावर अर्भकाच्या तक्रारीला सरसकट 'स्राव' हे नाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आचार्यांनी हे स्राव असाध्यांत गणले आहेत, तर अर्भकाचा हा विकार बहुतांशी स्वभावतः शमतो. नाव जुळले की उपचार जुळतात, हा आपला मोह येथे घातक ठरतो.

दुसरे नाव कुकूणक. स्तन्यदुष्टीमुळे अथवा वाग्भटांच्या मते दंतोत्पत्तीच्या निमित्ताने बालकांस होणारा हा वर्त्मगत रोग आहे. त्यात मूल डोळे, नाक व कपाळ चोळते आणि उजेड सहन करीत नाही. अश्रुमार्ग अडलेल्या बाळाला उजेडाचा त्रास होत नाही. म्हणून पाणावलेला डोळा पाहताच कुकूणक मानून मातेस स्तन्यशोधन सुरू करण्याआधी बाळ उजेडाकडे पाहते की नाही, हे तपासलेच पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल.

काही सहकारी नासामार्गाने तूप किंवा तेल सोडतात. प्रतिमर्श नस्य जन्मापासून चालते, हे वाग्भटवचन त्यांच्यासमोर असते. परंतु पडदा स्नेहाने विरघळत नाही आणि आडव्या निजलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकातील तेल फुफ्फुसात उतरण्याचा धोका खरा आहे. मी ते करीत नाही व मालीशवाल्या बाईलाही करू देत नाही. मातेच्या दुधाच्या थेंबाविषयीही नेहमी विचारले जाते. स्तन्याचा नेत्रोपचारांतील उपयोग ग्रंथोक्त आहे, हे खरे. पण ज्या पिशवीचा निचरा होत नाही तीत दूध साचू देणे मला प्रशस्त वाटत नाही.

बोटाचे काम

अश्रुपिशवीवर दाब देण्याची रीत अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ क्रिगलर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केली. शंभर वर्षे उलटली तरी तिच्याहून सोपा उपाय निघालेला नाही. तत्त्व असे की, पिशवीतील द्रव वर छिद्रांकडे परत येऊ न देता खाली ढकलावा, म्हणजे द्रवाच्या दाबाने टोकाचा पडदा फुटतो.

मातेने नखे कापलेली असावीत व हात साबणाने धुतलेले. प्रथम उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने चिपडे पुसावीत. प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा घ्यावा. मग तर्जनी किंवा करंगळीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाक व डोळा यांमधील खोलगट जागी ठेवावे. तेथे हलकेच आत दाबावे आणि दाब न सोडता बोट खाली नाकपुडीच्या दिशेने अर्धा-पाऊण इंच न्यावे. त्वचेवर घासणे नव्हे, त्वचेसह दाबणे. असे एका वेळी ५ ते १०, दिवसातून २ ते ४ वेळा. दूध पाजताना बाळ शांत असते, तीच वेळ बरी. दाबल्यावर छिद्रातून थोडा चिकट स्राव वर आला तर जागा बरोबर सापडली असे समजावे आणि तो पुसून टाकावा.

आता मी माझ्या बोटाने आधी मातेच्या हाताच्या पाठीवर दाब देऊन दाखवतो, म्हणजे किती जोर हवा ते तिला कळते. नंतर तिच्याकडून बाळावर करून घेतो. शक्य असेल तेव्हा मालीशवाल्या बाईलाही बोलावतो, कारण पहिले दोन-तीन महिने बाळ तिच्याच हातात असते. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून तेच पाहतो. पाच मिनिटे लागतात आणि शुल्क घेण्यासारखे यात काही नसल्याने ती पाच मिनिटे आपण देत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

जेथे थांबू नये

माझ्याकडे आलेल्या एका चार महिन्यांच्या बाळाचा डोळा असाच गळत होता व त्याला चोळणे आधीपासून चालू होते. खिडकीपाशी नेताच त्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसले. त्या बाजूची नाकपुडीही ओली होती. नलिका बंद असेल तर नाक कोरडे असावयास हवे, येथे तर अश्रू नाकापर्यंत पोहोचत होते! बुबुळ दुसऱ्या डोळ्याहून मोठे दिसत होते. त्याच दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले जन्मजात काचबिंदूचे. नवजात बालकाच्या बुबुळाचा व्यास साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर असतो. ११ च्या वर गेला, बुबुळ धुरकट दिसले वा उजेडात पापण्या घट्ट मिटू लागल्या तर एक आठवडाही वाट पाहू नये. तेथे हरवलेली दृष्टी परत येत नाही.

जन्मापासून पहिल्या २८ दिवसांत पापण्या सुजून दाट पू येत असेल तर तो जंतुसंसर्ग समजावा. गोनोकोकस जंतूमुळे बुबुळास थोड्या अवधीत छिद्र पडू शकते, म्हणून त्या बाळास तातडीने रुग्णालयात धाडावे. आतल्या कोपऱ्याखाली जन्मतःच निळसर गाठ असेल, विशेषतः दोन्ही बाजूंस, तर बाळाच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, कारण तान्हे मूल नाकानेच श्वास घेते. कोपऱ्यावर लाल, गरम, दुखरी सूज व ज्वर असताना तर चोळणे पूर्ण वर्ज्य. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात आणि महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात अशा बाळांना पाठविता येते. चिठ्ठीवर आपण काय पाहिले ते लिहावे, नुसते 'पुढील उपचारार्थ' नको.

औषधालयाच्या काउंटरवर

ही बाळे वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा औषधालयात जातात. संध्याकाळी कामावरून परतताना बाप थांबतो व म्हणतो, "बाळाच्या डोळ्यात घालायला काहीतरी द्या." आमच्या औषधविक्रेत्या मित्रांना विनंती आहे की, वय विचारल्याशिवाय बाटली देऊ नये. कापूर, मध वा तुरटी असलेले नेत्रबिंदू प्रौढांसाठी असतात. निर्मितीचे नियम अनुसूची 'टी'च्या रूपाने २००० साली आले, परंतु वेष्टनावर परवाना क्रमांक असणे म्हणजे ते औषध महिन्याच्या बाळास योग्य असणे नव्हे. गुलाबपाणी निर्जंतुक नसते. स्टेरॉइडयुक्त थेंब तर चिठ्ठीवाचून कोणालाच देऊ नयेत. प्रतिजैविकाची गरज दाट पिवळा स्राव असतानाच व तीही तज्ज्ञाच्या सल्ल्याने.

काजळाबाबत मी अधिक आग्रही आहे. दिनचर्येत सांगितलेले सौवीरांजन म्हणजे सामान्यतः अँटिमनीचे सल्फाइड मानले जाते, पण बाजारात सुरमा म्हणून मिळणारा खडा अनेकदा शिशाचे सल्फाइड असतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी बालकाच्या मेंदूसाठी निर्धोक नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. प्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई असली तरी जत्रेतल्या सुट्या पुडीला कायदा विचारतो कोण? घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसे नसेल, पण एकच बोट सगळ्या घराच्या डोळ्यांत फिरते. आजी दुखावू नये म्हणून मी सांगतो, तीट कपाळावर किंवा तळपायाला लावा, दृष्ट तेथूनही उतरते.

किती थांबावे?

सुमारे ९० टक्के बाळांत पहिल्या वाढदिवसापर्यंत मार्ग आपोआप मोकळा होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या, पण दहा महिन्यांच्या आतील बालकांवर अमेरिकेतील बालनेत्ररोग अभ्यासगटाने केलेली पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रकर्म पुढे ढकललेल्या गटातील ६६ टक्के डोळे पुढच्या सहा महिन्यांत शस्त्रकर्माविना बरे झाले. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात घाबरलेल्या पालकांना धीर देता येतो. वर्ष उलटूनही डोळा गळत असेल तर मात्र बारीक सळईने मार्ग उघडण्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवावे. या वयात हे कर्म बहुधा थोड्या वेळच्या भुलीखाली होते व बहुसंख्य मुलांत एकदाच पुरते. ते दोन-तीन वर्षे लांबवू नये.

मी केसपेपरवर बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लाल शाईने लिहून ठेवतो आणि मातेच्या हातातल्या चिठ्ठीवरही. डोळा आधीच कोरडा झाला तरी त्या सुमारास एकदा चष्म्याचा नंबर तपासून घेण्यास सांगतो, कारण अशा काही मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरांत तफावत आढळते आणि मंद दृष्टीचा डोळा घरच्यांच्या लक्षात येत नाही.