बिडी विझल्यानंतरचा धूर

सातपुड्यातील पाड्यांवर मी घरोघरी जाते तेव्हा बिडीचा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळते : "ताई, बाळ घरात असताना मी ओढतच नाही. आई त्याला शेतावर घेऊन गेली, की मगच." ही माया खरी आहे. पण तेवढ्याने बाळ धुरापासून वाचत नाही.

तंबाखूच्या धुरातील निकोटीन आणि इतर द्रव्ये भिंतींना, कपड्यांना, अंथरुणाला चिकटून बसतात. वास गेला तरी त्यांचा थर राहतो आणि थोडा थोडा पुन्हा हवेत मिसळतो. २०१० मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी दाखवले, की या थरातील निकोटीनची हवेतील नायट्रस आम्लाशी क्रिया होऊन नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये बनतात. त्यांत कर्करोग घडवणारीही असतात. हे आम्ल जळणातून हवेत येते.

अमेरिकेतच सॅन दिएगो येथे धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे तपासली गेली. ती सुमारे दोन महिने रिकामी होती, साफही केलेली होती. तरी तिथे राहायला आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या बोटांवर निकोटीन सापडले.

आता आपल्याकडची झोळी पाहा. जुन्या लुगड्याची, घरातच टांगलेली, आणि आजोबांच्या खाटेशेजारी. कापड धूर शोषून घेते, आणि बाळ तेच तोंडात घालते. रांगायला लागले की जमीन, गोधडी, आजोबांचा सदरा, सगळ्याला हात लागतो आणि तो हात तोंडात जातो. मोठ्यांपेक्षा लहानग्यांना धोका जास्त, तो यामुळेच.

"मग चुलीच्या धुराचे काय?" असे आज्या मला विचारतात. बरोबरच विचारतात, तोही घातक आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल.

कुडाची, मातीने लिंपलेली भिंत धुता येत नाही. म्हणून बिडी ओढायचीच असेल तर अंगणाच्याही पलीकडे जावे. ओसरी बाहेर धरू नये, तिथला धूर घरात येतो. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत, सदरा बदलावा. झोळी आणि गोधड्या वरचेवर साबणाने धुवाव्यात. बिडी सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पाड्यावर रेंज नसेल, तर बाजाराच्या दिवशी तेवढा एक फोन करून यावा.