कलमाचा चाकू

मिटत्या चाकूचे दिवस शहरातून आता गेले. पूर्वी वडिलांच्या कोटाच्या खिशात, नाही तर आईच्या फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात, एक मिटता चाकू हटकून सापडे. मुलांच्या पेन्सिली त्यानेच तासल्या जात, पार्सलाच्या सुतळ्या त्यानेच कापल्या जात आणि गाडीत पेरू चिरायची वेळ आली की सगळा डबा त्याच्याकडेच आशेने बघे. पुढे पेन्सिलींना शार्पनर आले, सुतळीच्या जागी चिकटपट्टी आली, आणि विमानात तर खिशातला चाकू जवळ ठेवून बसताच येत नाही. तेव्हा दोन-चार शहाणी माणसे एका मिटत्या चाकूच्या घडणीवर आणि किमतीवर तास तासभर वाद घालतात, हे ऐकून शहरातल्या वाचकाला हसू यायचेच. पण असा वाद ऐकायचा असेल तर पावसाच्या तोंडावर खेडला जावे.

खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले, जगबुडी नदीच्या काठचे. (पुण्याजवळच्या राजगुरुनगरलाही जुनी माणसे खेडच म्हणतात, ते हे नव्हे.) मुंबई-गोवा महामार्गावर भरण्याचा नाका लागतो, तिथून गावात शिरावे आणि तसेच पुढे गेले की रस्ता दापोलीला पोचतो. दापोलीला १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९९० साली महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमे लावायची एकच झुंबड उडाली. कलमे हवीत तर ती बांधणारे हात हवेत, आणि हातांना चाकू हवा. या पट्ट्यातल्या रोपवाटिकांमधून आज जी मंडळी पावसाळाभर मांडी घालून कलमे बांधताना दिसतात, त्यांच्या हातात असतो तो हाच चाकू. लांबीने चार बोटांचा, मिटला की मुठीत नाहीसा होणारा.

आता कलम म्हणजे काय, हे आंबा फक्त पेटीतून ओळखणाऱ्या मंडळींसाठी थोडे सांगितले पाहिजे. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नाही. म्हणून झाड रायवळाच्या मुळावर वाढवायचे आणि वरचा जीव हापूसचा द्यायचा. जुनी रीत भेट कलमाची. रायवळाचे रोप कुंडीत वाढवून हापूसच्या झाडापाशी न्यायचे, दोघांची साल तासून एकमेकांना भिडवायची, बांधायची आणि दोन-तीन महिने वाट बघायची. मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत कुंड्या पोचवायला माच बांधावे लागत. काम खात्रीचे, पण संथ.

आता बहुतेक ठिकाणी कोय कलम चालते. रुजलेल्या कोयीचा कोवळा, तांबूस कोंब पंधरा-एक दिवसांचा झाला की तो वितीच्या आत छाटायचा. उरलेल्या दांड्याला मधोमध फट द्यायची. त्याच जाडीची हापूसची काडी घ्यायची (तिची पाने आठ-दहा दिवस आधी झाडावरच छाटून ठेवलेली असतात), तिचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती फटीत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. तीन आठवड्यांत काडीला कोंब फुटला तर जमले. काडी काळी पडली तर कोय, काडी आणि मजुरी तिन्ही फुकट.

सगळे गणित त्या पाचरीत आहे. सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. काडीचा थर आणि रोपाचा थर एकमेकांना चिकटले तरच रस चढतो. तासलेली बाजू आरशासारखी सपाट हवी आणि ती एकाच ओढीत व्हायला हवी. दोनदा चाकू फिरवला की मध्ये उंचवटा राहतो, उंचवट्याशेजारी पोकळी राहते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पोकळीत बुरशीला आमंत्रणच. सांगायला सोपे. कोणी करून बघावे! पहिल्या दहा काड्यांच्या शेंगा सोलल्यासारख्या सालपटी निघतात.

म्हणून या चाकूची धार स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी नसते. सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने. दुसरी बाजू सपाट, सुताराच्या पटाशीसारखी. सपाट बाजू लाकडावर टेकून सरळ जाते, दोन्हीकडून उतरलेली धार वाट सोडून आत वळते. त्यातून एक गंमत उद्भवते: उजव्या हाताचा चाकू डावखुऱ्याच्या कामाचा नाही. जर्मनीतल्या रॉयटलिंगेन गावचे टीना नावाचे कारखानदार १८५४ सालापासून चाकू घडवीत आले आहेत, ते डावखुऱ्यांसाठी वेगळी धार काढून देतात. त्यांच्या चाकूचे नाव जाणते कलमवाले आदराने घेतात आणि किंमत ऐकून तितक्याच आदराने गप्प बसतात. इथे पोचेपर्यंत ती हजारांच्या घरात जाते.

मिटता चाकू ही कल्पना मात्र फार जुनी. ऑस्ट्रियात हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला आहे, तो ख्रिस्तापूर्वी पाच-सहाशे वर्षांचा मानतात. फ्रान्सच्या साव्वा डोंगरी मुलखात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. पाते बोटांवर मिटू नये म्हणून त्याला फिरती कडी बसली ती १९५५ साली. स्वित्झर्लंडात इबाख येथे कार्ल एल्सनरने १८८४ साली कारखाना घातला, १८९१ साली सैनिकांना चाकू पुरवले, आणि १८९७ साली आज जगभर लाल मुठीने ओळखला जाणारा अनेक पात्यांचा चाकू नोंदवून घेतला. त्याच कारखान्यात, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्समध्ये, कलमाचे चाकूही होतात. आपल्याकडे मात्र मिटता चाकू म्हटला की लोकांना रामपूर आठवते. हिंदी चित्रपटांनी त्या चाकूची इतकी खटाखट उघडझाप केली की बिचाऱ्या सगळ्या जातीचेच नाव बद्द झाले. वास्तविक १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा विचार करतात, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीची अवजारे वगळतात. कलमाच्या चाकूचे पाते अडीच इंचांचे. त्याच माणसाच्या कमरेला आकडीत अडकवलेली कोयती बघून कोणी दचकत नाही, हे विशेष.

तर वाद. यंदा जूनच्या आरंभी खेडच्या बाजारपेठेतल्या एका अवजारांच्या दुकानात नव्या घडणीचा देशी चाकू आला होता. नेहमीचा चाकू दोन-अडीचशेला मिळतो, हा साडेआठशेचा. फळीवर डझनभर मांडलेले, आणि भोवती चार गिऱ्हाइके. एक म्हातारबा, भेट कलमाच्या जमान्यापासूनचे. एक तरुण, शेतकीची पदविका घेऊन स्वतःची रोपवाटिका काढलेला. एक वहिनी, जिने बारा पावसाळे कलमे बांधली आहेत. चौथे गिऱ्हाईक अस्मादिक, ज्यांना पेन्सिलही धड तासता येत नाही.

तरुणाला चाकू पहिल्या नजरेतच आवडला. पाते न गंजणाऱ्या पोलादाचे, उघडले की खटका बसून पक्के होणारे, बिजागरीला खिळ्याऐवजी स्क्रू. "आबा, ढिला झाला तर घरच्या घरी आवळता येईल," तो म्हणाला. म्हाताऱ्याचे मत उलटे. खिळा ढिला झाला तर लोहार ऐरणीवर ठेवून दोन ठोके घालतो आणि चार वर्षे बघावे लागत नाही. स्क्रू पावसात गंजतो किंवा चिखलात पडतो, मग पाते एकीकडे आणि मूठ एकीकडे. खटक्याबद्दल मात्र कोणाचे दुमत नव्हते. चाकू सकाळी एकदा उघडायचा आणि संध्याकाळी मिटायचा, तेव्हा खटका सोडवायची कटकट दिवसातून एकदाच. उलट फट देताना पाते मिटून बोट कापले तर आठ दिवसांची मजुरी बुडते.

न गंजणाऱ्या पोलादावर बरेच बोलणे झाले. खेडकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साधे पोलाद रात्रीतून तांबूस होते, आंब्याच्या चिकाने काळे पडते. रोज पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे लागते. पण साध्या पोलादाला धार चटकन चढते, कुरुंदाच्या दगडावर पाच-दहा ओढी आणि मग चामड्यावर दोन, की झाले. माझे मत विचाराल तर ज्याला रोज तेलाचे बोट फिरवायचा कंटाळा आहे त्याने कलमे बांधायच्या फंदातच पडू नये.

वहिनींनी चाकू हातात घेतला, शेजारच्या बादलीत हात बुडवला आणि ओल्या हाताने मूठ आवळून पाहिली. "दिवसभर हात ओलाच असतो. ही गुळगुळीत मूठ सटकणार." मुठीचा प्रश्न कारखान्याच्या नकाशावर कोणी मांडला होता की नाही, देव जाणे.

मग तरुणाने हिशेब काढला. समजा हंगामात दहा हजार कलमे बांधली, तर साडेआठशे रुपये म्हणजे कलमामागे साडेआठ पैसे. चांगल्या पात्याने शंभरात पाच कलमे जास्त जगली, तर पाचशे कलमे वाचली. चाकू फुकटात पडला. हिशेब बिनतोड होता. म्हातारबा हसले. "अरे, ती पाच कलमे काडीने जगतात. शिळी काडी आणलीस तर सोन्याचा चाकू घे." हेही खरेच. काडी कोणत्या झाडाची, किती ताजी, पाने वेळेवर छाटली की नाही, यावरच निम्मे काम ठरते. आणि या कामाची घाई अशी, की कोंब एकदा हिरवा व निबर झाला की वेळ टळली; चाकू बदलून बघायला हंगाम थांबत नाही. घेणाऱ्याचेही त्यात अडकलेले असते. आज रोप नेले तर आंबा पाच-सहा वर्षांनी दिसायचा.

हे सगळे चालू असताना म्हाताऱ्याने अंगठ्याचे नख पात्याच्या एका बाजूवरून हळूच खाली आणले. मग दुसऱ्या बाजूवरून. दोन्हीकडे नख धारेपाशी घसरले. म्हणजे उतार दोन्ही बाजूंना! त्यांनी चाकू दुकानदारापुढे ठेवला. "शेठ, हा भाजीचा चाकू आहे."

दुकानात क्षणभर शांतता. दुकानदाराने वेष्टन उलटून पाहिले. त्यावर तर कलमाचाच चाकू छापलेला. तो म्हणाला, एक बाजू दगडावर घासून सपाट करून घ्या. तरुण म्हणाला, त्या कडक पोलादाची बाजू उतरवायची म्हणजे आठवडा जाईल. वहिनींनी समजूत घातली: फट द्यायला दोन्हीकडची धार चालते, उलट बरी, पाचरीला नाही. पण साडेआठशे रुपये फटीसाठी कोण देणार? यावर दुकानदार सातशेवर आला. म्हातारबा म्हणाले, भाजीचा चाकू असल्यास घरी आहे.

इतका देखणा चाकू, खटका बसवला, स्क्रू बसवला, पोलाद उंची घातले, आणि ज्या एका गोष्टीसाठी कलमवाला पैसे मोजतो तीच विसरली. असे चाकू स्वस्तातही येतात, महागातही येतात, आणि शहरातून हौसेने गच्चीवर कलम करणारी माणसे ते घेऊन सहा काड्या नासवतात व दोष आपल्या हाताला देतात. घेताना म्हाताऱ्याचे नख आठवावे: एका बाजूवरून ते धारेपर्यंत सपाट गेले पाहिजे. पाते उघडून उजवीडावीकडे हलवून पाहावे. केसभरही हलता कामा नये. आणि दुकानदाराची हरकत नसेल तर एखादी आंब्याची डहाळी बरोबर न्यावी.

तरुणाने शेवटी साडेसहाशेला एक घेतलाच, फटीसाठी म्हणून. वहिनींनी धारेचा दगड तेवढा घेतला, तोही बोटाने चाचपून. म्हातारबांनी काही घेतले नाही. त्यांच्या जुन्या चाकूचा खिळा हलत होता. पाऊस लागायच्या आत तो ठोकून घ्यायला ते लोहाराकडे गेले.